बिऱ्हाड हलवण्याआधी

नवी ऑपरेटिंग सिस्टीम संगणकावर चढवली की मी सगळ्यांत आधी एक शब्द लिहून बघते: बिऱ्हाड. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याला सात कळा लागतात. ब, वेलांटी, मग शिफ्ट दाबून र ची कळ म्हणजे ऱ, त्याला हलन्त, मग ह, काना आणि ड. सगळं जागच्या जागी असेल तर ह च्या डाव्या अंगाला ती छोटी वळणदार रेघ उमटते आणि शब्द मराठी दिसतो. नसेल तर ऱ पायात हलन्त घेऊन वेगळा उभा राहतो आणि ह त्याच्या शेजारी सुटा पडतो. कधी लिहिणाऱ्यानेच साधा र वापरलेला असतो, मग ह च्या डोक्यावर रफार चढतो आणि वाचणारा अडखळतो. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगरदरी यांच्याएवढं अंतर आहे आणि ते एवढ्याशा रेघेवर उभं आहे. सांगलीत अक्षरजुळणी करून मी पोट भरते. ही रेघ नीट उमटली नाही तर त्या यंत्रावर पुढचं काही बघण्यात मला अर्थ वाटत नाही.

हे पुस्तक जे आधीच मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करतात त्यांच्यासाठी आहे. विंडोज सोडून लिनक्सवर कसं यावं हे सांगणारं साहित्य आता भरपूर मिळतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबला आणि चांगली चालणारी यंत्रं घेऊन कितीतरी लोक त्या वाटेला लागले. त्या वाटेवर निघण्याची कारणं उघड असतात. पण डेबियनवर सात-आठ वर्षं सुखाने काम करणाऱ्याच्या मनात एक दिवस येतं की फ्रीबीएसडीवर जावं, किंवा उबुंटू वापरणाऱ्याला फेडोरा बरं वाटू लागतं, तेव्हाचा प्रश्न निराळा असतो. दोन्हीकडे स्रोत खुला, दोन्हीकडे पैसे मोजायचे नाहीत, दोन्हीकडे मनापासून राबणारी माणसं. मग तोलायचं कशावर? डेबियन की फ्रीबीएसडी हा प्रश्न मी स्वतः सहा महिने दोन टेबलांवर दोन यंत्रं ठेवून तोलला. म्हणून पुस्तकात तीच जोडी मध्यभागी आहे, बाकीच्या जोड्या तिच्या आजूबाजूने येतात.

बिऱ्हाड हा शब्द मी परीक्षेसाठी घेतला तो त्यातल्या ऱ मुळे. पुढे कळलं की विषयाचं नावही त्यातच आहे. भाड्याच्या घरात भिंती मालकाच्या असतात, बिऱ्हाड आपलं असतं: माणसं, भांडी, देव्हारा, दूधवाल्याची वेळ, रात्री अंधारातही हाताला सापडणारं दिव्याचं बटण. ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना लोक भिंतींची तुलना करत बसतात. अमुकची सुरक्षा कशी, तमुकचा वेग किती, कुणाकडे पॅकेजं जास्त. या तुलना खोट्या नसतात. पण मी ज्यांना जाऊन परत येताना पाहिलं, ते भिंतींमुळे परतले नाहीत. कुणाचा स्कॅनर लागला नाही, कुणाच्या हाताला कळफलकाची सवय सापडली नाही, कुणाच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम अडलं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी पुष्कळांचे रविवार वाया जातात. डेस्कटॉप म्हणून आपण डोळ्यांनी जे बघतो त्यातलं बहुतेक दोन्हीकडे एकच असतं. केडीई प्लाझ्मा, गनोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, इंकस्केप, गिंप, स्क्रायबस हे सगळं डेबियनवर आहे तसं फ्रीबीएसडीवरही आहे. मराठी अक्षरांची जोडाजोड करणारं हार्फबझही दोन्हीकडे तेच. २००४ साली रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले, पुढे बरीच वर्षं त्यांची देखभाल पुण्यातून झाली. ते दोन्हीकडे एका आज्ञेत बसतात. म्हणून बिऱ्हाड हा शब्द माझ्या दोन्ही टेबलांवर सारखाच उमटला, आणि दोन्हीकडच्या साध्या काळ्या कन्सोलवर तो सारखाच मोडला, कारण तिथे जोडाक्षरं घडवणारं कुणी नसतं. तुमची तक्रार खिडक्यांच्या मांडणीबद्दल असेल, मेनू कुठे गेला याबद्दल असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलू नका. आहे तिथेच दुसरा डेस्कटॉप चढवा, अर्ध्या तासाचं काम आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये गनोम ३ आलं आणि त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी पुढे केलं, तेव्हा पडद्याचं रूप बदललं म्हणून माणसांनी अख्खी डिस्क पुसली. मीही त्यांतलीच. त्या वेळी माझी उबुंटू सुटली आणि मी डेबियनवर आले. तो निर्णय पुढे चांगला ठरला, पण त्याचं कारण चुकीचं होतं. पोस्टाने फुकट आलेल्या उबुंटूच्या सीडीवर मी पहिल्यांदा मराठी युनिकोडात टंकलेखन केलं होतं, आणि ती सीडी अजून माझ्या कपाटात आहे.

फरक पडतो तो खाली. तिथे दोन घराण्यांचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगते, कारण आजच्या सवयी त्यातून आल्या आहेत.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत आपलं कर्नल जाहीर केलं. कर्नल म्हणजे यंत्राशी बोलणारा गाभा, त्याच्याभोवती लागणारी बाकीची भांडी नव्हेत. ती १९८३ साली जाहीर झालेल्या, रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून आली. गाभा एकीकडून, भांडी दुसरीकडून, पडदा तिसरीकडून असं जमवून, तपासून, बांधून देणारे ते वितरक. १९९३ च्या १६ ऑगस्टला इयन मरडॉक यांनी डेबियन जाहीर केलं ते या कामासाठीच. लिनक्सच्या जगात तुम्ही निवडता तो बांधणारा.

बीएसडीचं घराणं याहून जुनं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात युनिक्सवर झालेल्या कामातून ते उभं राहिलं आणि १९९२ साली विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने ते साध्या ३८६ संगणकावर आणलं. नेमक्या त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीच्या स्रोतावरून कोर्टात धाव घेतली. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फायलींपैकी तीन काढून टाकाव्या लागल्या. तीन. पण मधल्या दोन वर्षांत लोक लिनक्सकडे वळून गेले होते. ३८६ वरचं बीएसडी तेव्हा हाताशी असतं तर आपण लिनक्स बहुधा लिहिलंच नसतं, असं टोरवाल्ड्स यांनीच पुढे सांगितलं आहे. आज तुमच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सवर आहे आणि फ्रीबीएसडीवर अर्धवट आहे, याचं एक मूळ त्या दोन वर्षांत सापडतं. जास्त माणसं जिकडे गेली तिकडे जास्त यंत्रं तपासली गेली, आणि पुढची माणसंही तिकडेच आली.

फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती १९९३ च्या नोव्हेंबरची. तिथे कर्नल, मूळ भांडी आणि माहितीपुस्तिका एकाच प्रकल्पात, एकाच हाताखाली तयार होतात. त्याला बेस म्हणतात. फायरफॉक्ससारखं वरून आलेलं सगळं ‘यूएसआर लोकल’ या वेगळ्या फडताळात जातं, घरच्या सामानात मिसळत नाही. सुरुवातीला काय चालू करायचं ते ‘आरसी डॉट कॉन्फ’ या एका फाईलमध्ये लिहायचं. सहा महिन्यांत मला या घराण्याबद्दल जे प्रेम वाटू लागलं ते मुख्यतः या नीटनेटकेपणामुळे आणि तिथल्या हँडबुकमुळे. रात्री काही अडलं तर शोधयंत्रावर चार वर्षांपूर्वीची अर्धवट उत्तरं चाळण्याऐवजी मी ‘मॅन’ लिहून आज्ञेची पुस्तिका उघडायचे आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असायचं, माझ्या आवृत्तीला लागू पडणारं. ज्याला यंत्र समजून घेत शिकायचं आहे त्याला मी आजही फ्रीबीएसडीच सुचवीन.

निर्णय कोण घेतं हाही फरक आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा खोल आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत डेबियनच्या तांत्रिक समितीने यंत्र सुरू करणारी व्यवस्था म्हणून सिस्टमडी निवडलं. मतं समसमान पडली होती आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते ठरलं. काही जण बाहेर पडले, त्यांनी देवुआन नावाचं वेगळं बिऱ्हाड केलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत कैक वर्षांनी अलीकडे आणल्याचं जाहीर झालं आणि त्यावर दहा वर्षांचे बेत आखलेल्यांना वर्षभरात घर शोधावं लागलं. म्हणून मी कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम जोखताना बघते की ती बदलण्याचं ठरवणारी माणसं कोण, त्यांना निवडतं कोण, आणि ती कुणाची नोकर आहेत का. डेबियनचा प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडला जातो, फ्रीबीएसडीची कोअर टीम दर दोन वर्षांनी. या बाबतीत दोघेही मला विश्वासाचे वाटतात, आणि तोलताना हे पारडं समान राहिलं.

आता टेबलावर येऊ. या पुस्तकाची निम्मी पानं या भागावर आहेत.

फ्रीबीएसडी चढवून यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की समोर काळा पडदा आणि लॉगिन विचारणारी एक ओळ येते. पडदा, खिडक्या, माऊसचा बाण, सगळं आपण बसवायचं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सकडूनच आणून जुळवलेला आहे. तो पॅकेजातून घ्यायचा, ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्ये त्याचं नाव लिहायचं, आपल्या वापरकर्त्याला व्हिडिओ गटात टाकायचं, मग प्लाझ्मा. माझा पहिला पडदा उजळला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते आणि मला खरंच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका स्मरणिकेची प्रूफं द्यायची होती आणि माझा प्रिंटर त्या यंत्रावरून हलेना. त्याच्या निर्मात्याने लिनक्ससाठी बांधलेला ड्रायव्हर दिलेला आहे, स्रोत दिलेला नाही, आणि फ्रीबीएसडीसाठी काहीच दिलेलं नाही. कप्स ही छपाईची व्यवस्था दोन्हीकडे एकच आहे. पण तिच्या टोकाला जो बंद तुकडा लागतो, तो एकीकडे होता आणि दुसरीकडे नव्हता. प्रूफं डेबियनवरून निघाली.

तसाच दुसरा तुकडा म्हणजे डिजिटल सहीचा टोकन. सरकारी छपाईच्या ई-निविदा भरायच्या तर तो यूएसबीत खोचून सही करावी लागते. माझ्या टोकनाला विंडोजचा ड्रायव्हर मिळाला, लिनक्सचाही मिळाला, बीएसडीचा मिळाला नाही. स्मार्ट कार्ड वाचणारी मुक्त साधनं फ्रीबीएसडीवर आहेत, ती मी लावून पाहिली. टोकन दिसला, पण त्यातली सही उघडायला निर्मात्याची बंद लायब्ररीच हवी होती. निविदा भरायची मुदत दुपारी तीनची असते तेव्हा असे प्रयोग करता येत नाहीत.

वायफायची गोष्ट आता सुधारते आहे, म्हणून ती न्यायाने सांगायला हवी. इंटेलची नवी कार्डं फ्रीबीएसडीवर फार काळ जुन्या, संथ पद्धतीने चालत. त्यावर काहींनी उपाय असा शोधला की फ्रीबीएसडीच्या पोटात एक इवलीशी लिनक्स चालवायची, कार्ड तिच्या ताब्यात द्यायचं आणि तिच्याकडून जाळं घ्यायचं. त्याला वायफायबॉक्स म्हणतात आणि ते उत्तम चालतं. २०२४ साली फ्रीबीएसडी फाउंडेशनने एका भागीदार संस्थेबरोबर लॅपटॉपवरच्या अनुभवासाठी साडेसात लाख डॉलर बाजूला काढले, आणि २०२५ च्या जूनमधल्या १४.३ आवृत्तीत इंटेलच्या बऱ्याच कार्डांना नवा वेग मिळाला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी कुणी ‘फ्रीबीएसडीवर वायफाय नाही’ म्हणून परतलं असेल, तर ते उत्तर आता शिळं झालं आहे. पण तुमचं कार्ड त्या यादीत आहे का, हे बाहेर पडण्याआधी बघायचं, नंतर नाही. ब्लूटूथचे कान-फोन आणि झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा नीट जागा होणारा लॅपटॉप, या दोन गोष्टींची खात्री मी अजूनही कुणाला देणार नाही. नेटफ्लिक्सच्या चित्रफिती जगभर पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात, तरी फ्रीबीएसडीच्या डेस्कटॉपवर नेटफ्लिक्स सरळ मार्गाने दिसत नाही, कारण नक्कल रोखण्यासाठी त्याला लागणारं बंद कुलूप त्या घरासाठी बनवलेलंच नाही. सर्व्हर आणि डेस्कटॉप या गरजा किती वेगळ्या आहेत ते इथे दिसतं.

वीज हा आमच्याकडचा खरा परीक्षक. वळवाच्या पावसात आमच्या गल्लीतली वीज दिवसातून चार वेळा जाते आणि यूपीएसची बॅटरी जुनी झाली की पुरतं सावरायला वेळ मिळत नाही. तेव्हा डिस्कवर लिहिण्याची पद्धत काय आहे हे कळतं. डेबियनची नेहमीची एक्स्ट४ फाईल सिस्टीम आपल्या हालचालींची नोंदवही ठेवते, म्हणून वीज आल्यावर झटपट सावरते. शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण मात्र जाऊ शकतं. बीएसडी घराण्यातलीच ओपनबीएसडी मी जुन्या ३२ बिटी यंत्रावर चालवून पाहिली, कारण डेबियन १३ ने त्या यंत्रांवर नव्याने बसण्याची सोय बंद केली. ती सुंदर, काटेकोर सिस्टीम आहे, रोज वापरात असलेलं ओपनएसएसएच तिथूनच आलेलं आहे. पण तिच्या फाईल सिस्टीमला नोंदवही नाही. वीज गेली की पुढच्या वेळी ती पूर्ण डिस्क तपासत बसते, आणि एकदा तर तपासणी माझ्याकडून उत्तरं मागत थांबून राहिली. ज्या घरी इन्व्हर्टर नाही तिथे ओपनबीएसडीचा डेस्कटॉप नको, एवढं मी ठाम सांगते.

फ्रीबीएसडी बसवताना झेडएफएस ही फाईल सिस्टीम निवडता येते, आणि तिथे माझं मन अडकलं. ती जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहीतच नाही, नवीन जागी लिहिते आणि मग खूण हलवते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनं शाबूत राहतं. प्रत्येक तुकड्याची बेरीजही ती ठेवते. सहा महिन्यांत एकदा मी जुन्या डिस्कची तपासणी लावली तेव्हा दोन फायलींची बेरीज जुळली नाही, आणि त्यांची नावं तिने पडद्यावर लिहून दिली. एकच डिस्क असल्यामुळे तिला त्या दुरुस्त करता आल्या नाहीत, त्याला जोडडिस्क लागते. पण कुठलं पान किडलं हे कळल्यामुळे मला ते बॅकअपमधून आणता आलं. नाहीतर ते कधीतरी छापखान्यात कळलं असतं. आवृत्ती बदलण्याआधी अख्ख्या सिस्टीमची एक प्रत बाजूला ठेवता येते आणि बिघडलं तर सुरुवातीच्या मेनूतून जुन्या प्रतीत परतता येतं. ही सोय ज्याने एकदा वापरली त्याला तिच्याशिवाय अपडेट करणं जड जातं.

आणि इथेच मला बिऱ्हाड या शब्दाने दुसरा धडा दिला. एका ग्राहकाने बाहेरच्या डिस्कवर पुस्तकाच्या फायली आणून दिल्या होत्या. मी त्या दोन्ही यंत्रांवर उतरवून घेतल्या, प्रकरणांची यादी केली आणि यादीवरून फायली जुळवणारी छोटी आज्ञा चालवली. एक प्रकरण सापडेना. नाव डोळ्यांसमोर दिसत होतं: ‘बिऱ्हाड’. मी टंकलेलं नाव आणि फाईलचं नाव यांत नजरेला तसूभर फरक नव्हता. दोन तासांनी उलगडा झाला. युनिकोडात ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांनी. पडद्यावर दोन्ही एकच. पण एक्स्ट४ आणि झेडएफएस नाव बाइट मोजून ओळखतात, आणि बाइट वेगळे होते. काही फाईल सिस्टीम नावातली अखंड अक्षरं आपणहून फोडून ठेवतात, तसं ते नाव वाटेत कुठेतरी फुटलेलं होतं. झेडएफएसमध्ये हे दोन्ही ऱ एकच समजायला सांगता येतं, पण ते फक्त ती जागा पहिल्यांदा तयार करताना. एकदा सामान लावलं की नाही. ऱ्हास, तऱ्हा, वऱ्हाड, कऱ्हाड, नावात ऱ असलेली प्रत्येक फाईल हलवण्याआधी पाहावी लागते. इंग्रजी पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण त्यांच्या कपाटात ही भांडी नाहीत. या पुस्तकातलं चौथं प्रकरण पूर्ण याच विषयावर आहे, आणि मला वाटतं तेच सगळ्यांत उपयोगाचं आहे.

सहा महिन्यांनी मी काय केलं? ज्यासाठी मन ओढ घेत होतं ते नेमकं काय हे आधी कागदावर लिहिलं. उत्तर झेडएफएस होतं. फ्रीबीएसडीचा नीटनेटकेपणा आवडत होता, पण अडत नव्हतं. मग कळलं की २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएस २.० आलं तेव्हापासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांचा झेडएफएसचा स्रोत एकच झाला आहे. परवान्यांच्या विसंगतीमुळे डेबियन तो आपल्या मुख्य संचात देत नाही, बाजूच्या विभागातून घ्यावा लागतो आणि आपल्या यंत्रावर कर्नलशी बांधावा लागतो. पण चालतो. म्हणून कामाच्या टेबलावर डेबियन राहिलं, माझ्या फायली झेडएफएसवर गेल्या, आणि फ्रीबीएसडीचं यंत्र आता कोपऱ्यात दोन डिस्कांची जोडी घेऊन सगळ्यांचा बॅकअप सांभाळतं. त्याला पडदा नाही, प्रिंटर नाही, टोकन नाही. तिथे ते ज्या कामासाठी घडलं आहे तेच करतं. डिस्क उचलून एका यंत्रातून दुसऱ्यात लावली तर दोन्ही ती वाचतात, हे मी प्रत्यक्ष करून पाहिलं आहे.

हा निकाल तुमचा असायला हवा असं मुळीच नाही. ज्याच्याकडे टोकन नाही, ज्याचा प्रिंटर सरळ पीडीएफ घेतो, ज्याचा संगणक टेबलावर तारेने जाळ्याला जोडलेला आहे, त्याने फ्रीबीएसडीवर आनंदाने राहावं. ज्याला दर सहा महिन्यांनी ताजं काही हवं आहे त्याच्यासाठी फेडोरा आहे, तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. ज्याला पाच वर्षं काहीच हलायला नको त्याच्यासाठी उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती किंवा डेबियन. या तुलना तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहेत, इथे त्यांवर जागा घालवत नाही.

पुस्तक वाचताना कृपया एक करा. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आठवडाभर आपल्या संगणकाशेजारी एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाने त्या यंत्रावर काय काय केलं ते लिहा. आमच्याकडे अक्षरजुळणी शिकायला येणाऱ्या मुलीला तिच्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी घालायचं होतं. मी तिला हेच करायला सांगितलं. मला वाटलं होतं, कागदावर वायफाय आणि प्रिंटर येईल. पुढच्या सोमवारी तिने कागद आणून दिला त्यावर बावीस ओळी होत्या. तिच्या धाकट्या भावाचा ऑनलाइन वर्ग, वडिलांचं शेतीचा सातबारा पाहणं, आईचं रात्री मुंबईच्या मावशीशी व्हिडिओवर बोलणं आणि त्यासाठी लागणारा ब्लूटूथचा कान-फोन, कारण बाकीचे झोपलेले असतात. तिचं स्वतःचं काम सतराव्या ओळीवर होतं. आम्ही दोघींनी त्या कागदावर पेन्सिलने खुणा केल्या. बावीसपैकी एकोणीस ओळींना दोन्हीकडे टिक आली, तीन ओळी शिल्लक आहेत. या रविवारी ती लॅपटॉप घेऊन येणार आहे. पेन ड्राईव्हवरून, डिस्कला हात न लावता, त्या तीन ओळी आम्ही तपासणार आहोत, आणि कान-फोन आईकडून मागून आण, असं मी तिला बजावून सांगितलं आहे.